हैबती ओताऱ्याने ओतलेली पान्हाई

निराकार असूनही जी भक्ताच्या भावासाठी आकार घेते, आणि आकार घेऊनही कोणत्याही एका आकारात कोंडून राहत नाही, त्या जगन्माउलीला पहिले वंदन. ज्यांच्या ओव्या-अभंगांनी आमच्या जिभेला वळण लागले, त्या संतमंडळींना दुसरे. आणि हातातली कामे आवरून इथे येऊन बसलेल्या तुम्हा लहानथोर श्रोत्यांना तिसरे. मन जरा स्थिर करावे. मुलांना पुढे बसू द्यावे. ही कथा ओझरवणे गावच्या पान्हाईची आहे, आणि त्या पान्हाईला ज्याने धातूत उतरवले त्या हैबती ओताऱ्याची आहे.

फार वर्षांपूर्वी, डोंगरात झाडे फार आणि वाटा थोड्या होत्या त्या काळी, गोमुखी नदीच्या वळणावर ओझरवणे वसले होते. गावची देवी पान्हाई. तिचे देऊळ इतके काठावर की पावसाळ्यात पायरीला पाणी लागे. त्या वेळी पान्हाईची मूर्ती मातीची असे. दरवर्षी नवरात्राच्या आधी गावचा कुंभार नदीतली माती आणून देवी घडवी, सुवासिनी तिची ओटी भरत आणि वर्षभर ती देवळात नांदे. पुढच्या वर्षी नवी देवी आली की जुनीला वाजतगाजत नदीत सोडत. लेक सासरी पाठवताना डोळ्यांत येते तेवढेच पाणी त्या दिवशी गावाच्या डोळ्यांत येई, अधिक नाही. कारण नवी देवी देवळात बसलेली असे.

मग एका श्रावणात गोमुखी फुगली. तशी ती पूर्वी फुगली नव्हती आणि नंतरही फुगली नाही. गाव टेकडीवर धावले. गुरे सोडली, पोरे काखेत घेतली, आणि वर पोहोचल्यावर कोणाच्या तरी तोंडून निघाले की देवी खालीच राहिली. मोठी माणसे एकमेकांकडे पाहत असताना तुळसा उतरणीला लागलीसुद्धा. तुळसा ही बायजाक्काची एकुलती एक लेक. बाप लहानपणी गेलेला, आईने मोलमजुरी करून वाढवलेली, लग्नाला आलेली पोर.

टेकडीवरून सगळ्यांनी पाहिले. ती देवळातून बाहेर आली तेव्हा देवी तिच्या डोक्यावर होती आणि पाणी कमरेला होते. दोन हात वर करून ती मूर्ती सावरत होती. पण वरून पाऊस आणि खालून नदी. माती ती कितीसा धीर धरणार? देवी विरघळू लागली. तांबडे पाणी तुळसेच्या कपाळावरून, गालांवरून ओघळले. असे म्हणतात, हातात मूठभर माती उरली होती तोवर तिने हात खाली घेतले नाहीत. मग लाटेबरोबर एक उन्मळलेले झाड आले. पूर ओसरल्यावर देवी सापडली नाही, आणि तुळसाही सापडली नाही.

त्या वर्षी ओझरवण्यात नुसता घट बसला. देवीची जागा रिकामी राहिली.

बायजाक्का त्यानंतर फारसे बोलली नाही. ती कामाला जाई, घरी येई, चूल पेटवी. घर सारवताना मात्र एक तुकडा ती कोरा सोडी. एक चटई अंथरावी एवढाच. तिथे तुळसा निजत असे. चहूकडे ताजे शेणाचे सारवण आणि मध्ये तो कोरा पट्टा, असे तिचे घर दिसे. शेजारणी पाहत आणि न पाहिल्यासारखे करत.

होळीनंतर गाव चावडीवर जमले. देवी आता अशी हवी की पाण्यात विरणार नाही, यावर सर्वांचे एकमत झाले. कोणी म्हणाले, दगडाची करू. त्यावर सुभानराव पाटील म्हणाले की दगड एका खाणीतून येतो, पितळ घराघरांतून येईल. जिच्यात प्रत्येकाच्या घरचे काही आहे अशी देवी करू. ते सर्वांना पटले, आणि घाटाखालच्या हैबती ओताऱ्याला सांगावा गेला.

हैबती आला तो गाढवावर भाता, धातू वितळवायच्या मुशी आणि मेणाची गाठोडी लादून, मागे बायको साळू. किडकिडीत माणूस, अंगाला धुराचा वास, आणि उभा जन्म भट्टीपुढे गेल्यामुळे भुवया पार जळून गेलेल्या. पोरे त्याच्याकडे पाहून हसू लागली तेव्हा तो म्हणाला की देवांना भुवया करताकरता माझ्या संपल्या. पोरांची आणि त्याची तिथेच गट्टी जमली.

त्याच्या घराण्याचा एक नेम होता. मेणाला एकदा रूप दिले की त्यात धातू ओतल्याशिवाय त्या गावची वेस ओलांडायची नाही. हैबतीच्या बापाने हा नेम मोडला नव्हता, आजाने मोडला नव्हता. आणि हैबतीने तर मनाशी ठरवले होते की जिच्यासाठी एका पोरीने जीव दिला ती देवी आपल्या हातून उभी राहिली पाहिजे. नाही राहिली, तर पुन्हा भाता फुंकायचा नाही.

त्याने पाटलांना आणि देवीची पूजा करणाऱ्या भिवा गुरवाला कामाची रीत सांगितली. आधी मेणाची मूर्ती. तिच्यावर मातीचे लेप. मग तो मातीचा गोळा तापवायचा, म्हणजे आतले मेण वितळून वाहून जाते आणि मूर्तीच्या आकाराची रिकामी जागा उरते. त्या जागेत वितळलेले पितळ ओतायचे. निवल्यावर माती फोडायची. साचा एकदाच उपयोगी पडतो आणि मेण परत येत नाही, तेव्हा जे व्हायचे ते एका खेपेत. दोघांनी माना डोलावल्या. पण ही रीत गावातल्या बायकांना सांगावी असे कोणाच्या मनात आले नाही. पुढे जे झाले ते यातून झाले.

मेणाच्या कामाला दाट सावली लागते, आणि गावात सर्वांत दाट सावली बायजाक्काच्या अंगणातल्या फणसाची. तिथे हैबतीने बैठक मांडली. मेणात राळ मिसळून त्याने धड घडवले, हात घडवले, लुगड्याच्या चुण्या पाडल्या. चेहऱ्याशी येऊन मात्र तो अडला. पान्हाईचा चेहरा कसा, हे कोणालाच सांगता येईना. कुंभाराला विचारले तर तो म्हणाला की मी कधी ठरवून केला नाही, हात जाई तसा होई. गुरव म्हणाला, मुद्रा शांत होती. पाटलीणबाई म्हणाल्या, छे, डोळे चांगले मोठे होते, धाक वाटायचा. एका म्हाताऱ्याने सांगितले की देवी थेट त्याच्या सासूसारखी दिसे, आणि त्या भीतीनेच आपण देवळात लवकर जात नसू.

हैबती रोज चेहरा करी आणि रोज पुसून टाकी. साळू माती मळतामळता म्हणाली, "देवी घडवताय का मुरंबा मुरवताय? तेवढ्या वेळात माझी पोरं झाली, वाढली नि तुमच्यासारखी आळशी पण झाली." हैबती हसला आणि त्याने तोही चेहरा पुसला.

बायजाक्का कामावरून आली की पायरीवर वालाच्या शेंगा सोलत बसे. बोलत नसे. हैबतीही बोलत नसे. असे होता होता एका दुपारी त्याच्या अंगठ्याला वाट सापडली. कपाळ झाले, गाल झाले, ओठ किंचित उघडे झाले, कोणाला तरी ओ देण्याच्या बेतात असावेत तसे. संध्याकाळी त्याने मूर्तीवर ओले फडके टाकले आणि बायजाक्काला सांगितले की सकाळी मी माती आणायला जाईन, तेवढे फडके सुकू देऊ नका.

सकाळी तिने फडके भिजवायला उचलले, आणि ते तिच्या हातातच राहिले. समोर तुळसा होती.

हैबतीने तुळसेला कधी पाहिलेही नव्हते. साळूने पुढे सांगितले की त्यात नवल नव्हते. दिवसेंदिवस तो ज्या आईकडे पाहत बसला होता, तिचाच चेहरा, वीस वर्षे उतरून, त्याच्या हातातून निघाला. ओझरवण्यात मात्र असे म्हणतात की पान्हाईने आपला चेहरा नदीत वाहून गेलेल्या त्या लेकीकडून मागून घेतला होता.

बायजाक्का ओरडली नाही. ती घरोघर गेली आणि बायकांना बोलावून आणले. ती स्वतः विधवा, म्हणून मागे उभी राहिली. सुवासिनींनी मूर्तीला हळदकुंकू लावले, खण-नारळाने, तांदळाने तिची ओटी भरली, निरांजन ओवाळले. हैबती मातीची पाटी डोक्यावर घेऊन परतला तेव्हा मेणाच्या देवीपुढे सारा गाव हात जोडून बसला होता.

भिवा गुरव धावत आला, आणि कपाळाला हात लावून मटकन बसला. ओटी भरली म्हणजे देवी आली. आता हिला विस्तव दाखवणे म्हणजे भरल्या ओटीची सुवासीण जाळण्यासारखे, असे तो म्हणाला. बायजाक्काने तर कोणाचे ऐकायची वाटच पाहिली नाही. मूर्ती दोन्ही हातांनी उचलून ती घरात गेली, आणि त्या कोऱ्या पट्ट्यावर तिने ती ठेवली.

मग चैत्राचे ऊन चढू लागले. मेणाला ऊन मानवत नाही, हे का सांगायला हवे? बायजाक्काने कामावर जाणे सोडले. ती दिवसभर मूर्तीला वारा घाली, ओली फडकी बदली, दारात वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडी. तरी दुपार कलली की देवीची हनुवटी जराशी उतरलेली असे, पापणी जड झालेली असे. मग दुसऱ्या सकाळी, गारवा असताना, हैबती येई आणि अंगठ्याने हनुवटी वर घेई, पापणी सारखी करी, आणि काही न बोलता निघून जाई.

साळू म्हणाली, "चला आता. देवी त्यांची, मेण त्यांचं. नेम मोडला तर देव काय आपल्याच दारात येऊन बसणार आहे?" हैबती म्हणाला की देव नाही येणार, मीच बसेन. पाटीलही एकदोनदा येऊन गेले. पाऊस सुरू झाला की ओतकाम होत नाही, मेण तर तोवर टिकणार नाही, म्हणजे देवी हातची जाणार, हे त्यांना दिसत होते. पण त्या घरात शिरून त्या बाईला सांगायचे कोणी? ते अंगणातूनच परत फिरले.

अखेर एका सकाळी हैबतीने हनुवटी सारखी केली, आणि तो निघून गेला नाही. उंबऱ्याशी बसला.

"अक्का," तो म्हणाला, "मेण रोज थोडं खाली येतं, ते मी रोज वर नेतो. पण नेताना माझा अंगठा लागतो. कालच्यापेक्षा आज ही तुमच्या लेकीसारखी थोडी कमी आहे आणि माझ्या हातासारखी थोडी जास्त. असंच चाललं तर पावसाच्या आत हिच्यात तुळसा राहणार नाही. नुसता हैबती राहील."

बायजाक्काने पंखा थांबवला. तिने त्या चेहऱ्याकडे पाहिले. हे तिला दिसत नव्हते असे नाही. रोज दिसत होते.

"आणि विस्तवात घातली तर?"

"मेण जाईल."

"मग राहील काय?"

"पोकळी," हैबती म्हणाला. "पण ती पोकळी हिचीच असते, अक्का. आत काही नसतं, तरी जिथं नाक होतं तिथं हिच्याच नाकाची जागा असते, जिथं हनुवटी होती तिथं हिच्याच हनुवटीची. दुसऱ्या कुणाला तिथं बसता येत नाही."

"असं तर माझं घर आहे," बायजाक्का म्हणाली.

हैबतीने देवीखालच्या कोऱ्या पट्ट्याकडे पाहिले. मग म्हणाला, "घराचं मला कळत नाही. साच्याचं कळतं. पोकळी नुसती जपून ठेवली तर साचा म्हणजे मातीचा गोळा. तिच्यात काही ओतावं लागतं. आणि जे ओततात ते मेण नसतं. मेणाहून जड असतं, आणि फार कढत असतं."

श्रोतेहो, संतांनी ज्याला सगुण आणि निर्गुण म्हटले, त्यावर मोठमोठी निरूपणे झाली आहेत. पण रूप जाऊ दिल्याशिवाय रूप राहत नाही, ही गोष्ट त्या सकाळी एका ओताऱ्याने एका आईला सांगितली, आणि ती तिला कळली. असे म्हणतात, ती उठली, तोंड धुतले, आणि थेट देवळाकडे गेली.

भिवा गुरव रिकामा गाभारा झाडत होता. बायजाक्का पायरीखाली उभी राहिली.

"गुरवबाबा, मातीच्या पान्हाईची ओटी भरत होता ना?"

"भरत होतो की."

"आणि ओटी भरलेलीच देवी नदीत सोडत होता?"

"ते विसर्जन असतं, बायजा."

"मग हिचंही विसर्जनच करा. तेव्हा पाण्यात करत होतो, आता विस्तवात करू." ती जरा थांबली. "माझी तुळसा गेली तेव्हा तिची ओटी कुणी भरली नव्हती, बाबा. आता भरल्या ओटीनं जाईल."

गुरवाने झाडू भिंतीला टेकवला. मग, मानेवरचे ओझे कोणी उतरवून घ्यावे तसा त्याचा चेहरा मोकळा झाला. तो म्हणाला, "कापूर मी आणतो."

त्या दिवसापासून बायजाक्काच्या अंगणात लग्नघराची गडबड उडाली. मेणावरचा पहिला लेप वारुळाच्या वस्त्रगाळ मातीचा असतो, आणि तो फार हलक्या बोटाने लावावा लागतो. एक बुडबुडा राहिला तरी तो देवीच्या गालावर उमटतो. हैबती हात धुऊन पुढे झाला. बायजाक्का म्हणाली की हे मी करते. तिने कपाळाला माती लावली, गालांना लावली, हनुवटीखाली, कानांमागे लावली. नवरीला हळद लावतात तशीच. साळूने हळदीचे गाणे धरले. अंगणातल्या बायकांनी ते उचलले, आणि कितीतरी महिन्यांनी त्या फणसाखाली गाणे ऐकू आले. शेवटी चेहरा मातीत पुरता झाकला गेला तेव्हा बायजाक्काने हात मागे घेतले. वरचे जाड लेप मग हैबतीने दिले.

अक्षय्य तृतीयेच्या दिवशी ओतकाम ठरले. घराघरांतून पितळ आले. फुटकी घागर, समईचे तबक, बैलाच्या गळ्यातले घुंगरू, चेपलेला गडवा. पाटलीणबाईंनी पाटलांची पिकदाणी आणून टाकली. पाटील कासावीस होऊन म्हणाले, "अगं, ही देवीत जाणार?" त्या म्हणाल्या, "जाऊ द्या. तुमच्या तोंडाला एवढी तरी पुण्याची सवय लागेल." हैबती म्हणाला की भट्टीला सगळे सारखेच सोवळे.

सकाळी गुरवाने कापूर पेटवून देवीचा निरोप घेतला, आणि त्याच ज्योतीने गोवऱ्यांची आग लावली. साचा तापला. खालच्या तोंडातून मेण वाहू लागले. असे म्हणतात, त्या वेळी कड्यावरच्या मोहोळांतून मधमाश्या उठून आल्या आणि आगीवर मंडप धरल्यासारख्या गोल फिरत राहिल्या. कोणाला त्या चावल्या नाहीत. मेणाचा शेवटचा थेंब गेला तशा त्या परत फिरल्या.

मग तापलेला साचा उलटा करून, देवीचे डोके वर येईल असा, खड्ड्यात पुरला. साच्याला वर दोन तोंडे ठेवलेली असतात. एका तोंडातून धातू आत जातो, दुसऱ्यातून आतली हवा बाहेर येते. ओतलेला धातू त्या दुसऱ्या तोंडाशी वर आलेला दिसला म्हणजे मूर्ती सगळी भरली असे समजतात. धातूचा रंग नीट पारखता यावा म्हणून ओतकामाला तिन्हीसांजेची वेळ धरली होती. साळू भाता ओढत होती. मुशीतले पितळ आधी लाल झाले, मग पिवळे, मग माध्यान्हीच्या सूर्याकडे पाहवत नाही तसे झाले. हैबतीने देवीचे नाव घेतले, सांडशीने मूस उचलली आणि एकसारखी धार धरली.

धार संपली. मूस रिकामी झाली. आणि दुसरे तोंड काळेच राहिले.

सगळे त्या काळ्या भोकाकडे पाहत होते. आतली हवा कुठे अडली होती, की पितळ कमी पडले होते, कोणास ठाऊक. हैबतीला एवढे ठाऊक होते की धातू एकदा थिजला की पुन्हा हलत नाही. मेण गेले होते. चेहरा आता जगात कुठेही नव्हता, त्या मातीच्या आत सोडून, आणि तिथेही तो अर्धा राहणार होता. तो खाली बसला, आणि मान वर करून बायजाक्काकडे पाहण्याचे धैर्य त्याला झाले नाही.

बायजाक्का पुढे आली. खड्ड्याच्या कडेला ती ओणवी झाली, इतकी जवळ की आचेने तिचा चेहरा तांबूस झाला. दिवेलागणीला अंगणात खेळणाऱ्या लेकीला आई हाक मारते, त्याच आवाजात तिने त्या काळ्या तोंडाशी हाक मारली.

"तुळसा, ये गं. तिन्हीसांजा झाल्या."

असे म्हणतात, आधी आत उजेड दिसला. मग तो उजेड वर चढू लागला. दूध उतू येते तसे पितळ त्या तोंडातून वर आले, काठाशी थांबले, एक थेंब बाहेर सांडला, आणि ते शांत झाले. जाणती माणसे सांगतात की चांगल्या तापलेल्या साच्यात धातू सावकाश चढतो. चढत असेल. ओझरवण्यात मात्र लहान पोराला विचारा, ते सांगेल की देवी आईची हाक ऐकून आली.

साचा निवल्यावर हैबतीने लाकडी हातोडीने माती फोडली. आधी पाय निघाले, मग चुण्या, मग हात, आणि शेवटी चेहरा. त्याने चिंचेच्या पाण्याने तो चेहरा धुतला, घासला, आणि तो बाजूला झाला. कोणी देवीकडे पाहत नव्हते. सगळे बायजाक्काकडे पाहत होते.

तिने खूप वेळ निरखले. मग हात पुढे करून देवीच्या कानाला लावला.

"कानाची पाळी तेवढी तिची आहे," ती म्हणाली. "बाकी ही आई आहे."

आणि तिने देवीच्या मांडीवर डोके टेकले. पूर आल्यापासून जे रडू कोंडले होते ते तिथे मोकळे झाले. तिला कोणी उठवले नाही.

देवीची स्थापना झाली त्या दिवशी गावाने हैबतीला मानाचे पागोटे बांधले. ओझरवण्यात रीत अशी की देवी ज्याच्या हातून घडते, पहिला मान त्याचा. आजवर तो कुंभाराच्या घरचा होता, आणि त्या मानाची पहिली ओटी त्याच्या घरची सुवासीण भरी. पाटलांनी साळूला पुढे यायला सांगितले. साळू पुढे आली नाही. तिने नवऱ्याकडे पाहिले. दोघांचे आधीच ठरले होते.

हैबती म्हणाला, "मान माझा असेल तर तो मी देईन त्याचा. पहिली ओटी अक्का भरतील."

विधवेने ओटी भरल्याचे त्या डोंगरात कोणी ऐकले नव्हते. बायजाक्का तर खांबाआड सरकली. तेव्हा भिवा गुरव गाभाऱ्यातून उठला. खण, नारळ आणि तांदूळ असलेले तबक त्याने स्वतःच्या हाताने उचलले, खांबापर्यंत चालत गेला आणि ते तिच्या हातात दिले. तो म्हणाला, "बायजा, साच्याच्या तोंडाशी जिची हाक चालली, गाभाऱ्यात तिची ओटी चालणार नाही असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?" तिने देवीची ओटी भरली. तांदळाचे दाणे फरशीवर सांडले, आणि साळूने ते एकएक करून वेचले.

दुसऱ्या दिवशी हैबतीने गाढवावर भाता लादला, आणि नेम पुरा झाला होता म्हणून हलक्या पावलाने वेस ओलांडली. पोरे त्याला ओढ्यापर्यंत पोचवायला गेली. असे म्हणतात, त्यानंतर त्याने कोणाचाही चेहरा घडवला नाही. देवळांच्या घंटा ओतल्या, आणि त्या भागातल्या जुन्या घंटांचा नाद ऐकून लोक अजून म्हणतात, ही हैबतीची.

श्रोतेहो, त्याला आता किती पिढ्या झाल्या. पान्हाई अजून ओझरवण्यात आहे. गोमुखीचे पाणी कितीदा पायरी चढून आले आणि तिचे पाय धुऊन गेले. आणि दरवर्षी घटस्थापनेला तिथे पहिली ओटी पाटलांच्या घरची नसते, गुरवाच्या घरची नसते. त्या वर्षात ज्या घरातले माणूस गेले असेल त्या घरच्या बाईची ती असते. ती सुवासीण की विधवा, हे कोणी विचारत नाही. त्या ओटीला हैबतीची ओटी म्हणतात. गुरव तबक घेऊन तिच्यापर्यंत चालत जातो. तिने पुढे यायचे नसते. ओटी भरून झाली की ती देवीच्या कानाशी ओणवी होऊन गेलेल्या माणसाला एकदा नावाने हाक मारते, रोज घरात मारत असे तशी. सारे देऊळ त्या वेळी गप्प असते. मग साऱ्या घंटा एकदम वाजतात.

ती माउली तुमच्या घरी नांदो. तुमच्या उंबऱ्यातून जे बाहेर गेले ते सुखरूप घरी येवोत, आणि जे परत यायचे नाहीत त्यांची जागा तिच्या मायेने भरून जावो. चुलीला विस्तव असो, रांजणाला पाणी असो, दिवेलागणीला मारलेल्या प्रत्येक हाकेला ओ मिळो. ऐकणाऱ्याचे, ऐकवणाऱ्याचे आणि आज ज्यांना येता आले नाही त्यांचेही कल्याण होवो.